ट्यूनर कुठे बसवायचा?

हौशी रेडिओच्या खोलीत स्वयंचलित अँटेना ट्यूनर हे सगळ्यात समाधान देणारे उपकरण असावे. वारंवारता बदलली, ‘ट्यून’चे बटण दाबले, दोन-तीन सेकंद आत रिलेंची टकटक झाली, की मीटरवरचा एसडब्ल्यूआरचा (स्थिरतरंग गुणोत्तराचा) आकडा झपाट्याने उतरतो आणि १ च्या आसपास थांबतो. रेडिओ खूश, चालवणाराही खूश. हा १ म्हणजे ‘अँटेना आता नीट जुळली आणि माझी सगळी शक्ती हवेत चालली’, असा अर्थ बहुतेक जण घेतात. तो नेहमीच चुकीचा असतो असे नाही, पण पुष्कळदा असतो, आणि कधी बरोबर व कधी चूक हे ठरवणारी गोष्ट ट्यूनरच्या डब्यात नसून डब्याच्या जागेत असते. माझे म्हणणे असे की स्वयंचलित ट्यूनरचे खरे मोल बटण दाबण्याच्या सोयीत नाही. माणसाचा हात जिथे पोचत नाही तिथे, म्हणजे थेट अँटेनाच्या तोंडाशी, तो बसू शकतो यात आहे. आपण मात्र त्याला टेबलावर, रेडिओच्या शेजारी बसवतो.

मुळात ट्यूनर लागतोच का? आजचे जवळजवळ सगळे ट्रान्समीटर ५० ओहमचा भार गृहीत धरून बांधलेले असतात. अँटेनाला हे बंधन ठाऊक नसते. मोकळ्या अवकाशातला, तरंगलांबीच्या अर्ध्या लांबीचा डायपोल मध्यावर सुमारे ७३ ओहम दाखवतो. तोच जमिनीपासून किती उंच आहे, शेजारी पाण्याची टाकी आहे की लोखंडी कठडा, यावर हा आकडा खालीवर होतो, आणि वारंवारता बदलली तर फारच. शिवाय नुसता रोध बदलत नाही, त्याच्या जोडीला रिॲक्टन्स येतो. भार आणि केबल जुळली नाही की लहरीचा काही भाग परत फिरतो. एसडब्ल्यूआर २ असेल तर ११ टक्के शक्ती परतते, ३ असेल तर २५ टक्के, १० असेल तर ६७ टक्के. व्हॉल्व्हच्या जमान्यात याची फिकीर कमी होती, कारण ट्रान्समीटरच्या शेवटच्या टप्प्यात पाय-नेटवर्क असे आणि ‘प्लेट’ व ‘लोड’चे दोन नॉब फिरवून चालवणारा बऱ्याच वेगवेगळ्या भारांशी जुळवून घेई. म्हणजे एक छोटा ट्यूनर रेडिओच्या पोटातच होता. ट्रान्झिस्टर आले तेव्हा हे नॉब गेले. त्यांच्या जागी आलेला रुंदपट्टा अ‍ॅम्प्लिफायर सर्व बँडवर जुळवणीशिवाय चालतो, पण भार ५० ओहमपासून दूर गेला की स्वतःला वाचवण्यासाठी शक्ती कमी करतो. एसडब्ल्यूआर २ च्या पुढे गेला की बहुतेक रिगमध्ये (म्हणजे रेडिओ संचांमध्ये) ही कपात सुरू होते. पूर्वी नॉब करत ते काम आता बाहेरच्या कुणीतरी करायला हवे, म्हणून ट्यूनर आला.

आत काय चालते ते एका उदाहरणाने पाहू. समजा, ७.१ मेगाहर्ट्झवर समोर २०० ओहमचा शुद्ध रोध आहे आणि रेडिओला ५० ओहम हवेत. त्यासाठी फक्त दोन घटक पुरतात: मार्गात एक कॉइल, आणि २०० ओहमच्या बाजूला जमिनीकडे जाणारा एक कपॅसिटर. हेच एल-नेटवर्क. दोन रोधांच्या गुणोत्तरातून एक वजा करून वर्गमूळ काढले की १.७३ येते. त्याला ५० ने गुणले की कॉइलचा रिॲक्टन्स ८६.६ ओहम मिळतो, आणि २०० ला त्याने भागले की कपॅसिटरचा ११५.५ ओहम. या वारंवारतेला याचा अर्थ होतो सुमारे १.९४ मायक्रोहेन्री आणि १९४ पिकोफॅरड. आता हे आकडे यंत्राला कुठून मिळायचे? ट्यूनरमध्ये दुपटीने वाढणाऱ्या कॉइल रांगेने बसवलेल्या असतात: ०.०५, ०.१, ०.२, ०.४, ०.८, १.६ मायक्रोहेन्री असे करत. प्रत्येकीवर एक रिले, तिला मार्गात घेणारा किंवा वगळणारा. १.६, ०.२, ०.१ आणि ०.०५ या चार घेतल्या की १.९५ झाले. कपॅसिटरही तसेच, १०, २०, ४०, ८०, १६० पिकोफॅरडचे: १६०, २० आणि १० मिळून १९०. एवढी जवळीक पुरेशी असते. आणखी एक रिले कपॅसिटर अँटेनाच्या बाजूला ठेवायचा की रेडिओच्या, हे ठरवतो, कारण भार ५० ओहमपेक्षा लहान असला तर त्याची जागा उलटी लागते. लहान ट्यूनरमधल्या कॉइल पुष्कळदा लोहभुकटीच्या लाल टोरॉइडवर गुंडाळलेल्या दिसतात. झाकण उघडले की या रंगीत बांगड्या आणि रिलेंच्या दोन रांगा, एवढेच बहुतेक दृश्य असते.

आठ कॉइल, आठ कपॅसिटर आणि तो एक जागाबदल धरला तर एकूण १,३१,०७२ जोडण्या होतात. प्रत्येकीला रिले हलून स्थिर व्हायला दहा मिलिसेकंद धरले तरी सगळ्या तपासायला जवळपास २२ मिनिटे लागतील. म्हणून मायक्रोकंट्रोलर सगळ्या तपासत नाही. आधी मोठ्या पावलांनी कॉइल बदलून पाहतो, एसडब्ल्यूआर जिथे सर्वांत कमी आला तिथे कपॅसिटर बदलतो, मग जागाबदलाचा रिले उलटवून तेच करतो, आणि शेवटी लहान पावलांनी आजूबाजूला चाचपतो. यासाठी त्याला डोळे लागतात आणि ते म्हणजे दिशादर्शक कपलर. या मोजमापाचा सोपा मार्ग कॉलिन्स रेडिओचे अभियंते वॉरन ब्रूनी यांनी १९५९ साली ‘क्यूएसटी’ मासिकात मांडला. तारेभोवती एक टोरॉइड कडे घालून प्रवाहाचा नमुना घ्यायचा, कपॅसिटरच्या विभाजकातून दाबाचा नमुना घ्यायचा. दोघांची बेरीज पुढे जाणारी लहर दाखवते, वजाबाकी परतणारी. मात्र नुसता एसडब्ल्यूआर मोजणाऱ्या ट्यूनरला आपण लक्ष्यापासून किती दूर आहोत एवढेच कळते, कोणत्या दिशेला जायचे ते कळत नाही. त्यामुळे तो कधीकधी एखाद्या खोट्या तळाशी अडकतो आणि १.८ वर समाधान मानतो. जे ट्यूनर दाब आणि प्रवाह यांच्यातला कलाफरकही (फेज) मोजतात त्यांना दिशाही कळते, म्हणून ते लवकर आणि खात्रीने पोचतात. एकदा उत्तर सापडले की ते वारंवारतेसह स्मृतीत ठेवले जाते, आणि पुढच्या वेळी त्या जागेवर येताच रिले क्षणात तसे लागतात. ही शोधाशोध पूर्ण शक्तीवर करू नये. भारित संपर्क उघडले की ठिणगी पडून रिले जळतात, म्हणून ट्यून करताना रिग स्वतःहून साधारण १० वॅटवर उतरते.

ही कल्पना काही नवी नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी विमानांवरच्या एआरटी-१३ या कॉलिन्सने घडवलेल्या ट्रान्समीटरमध्ये चॅनेल बदलला की छोट्या यंत्रणेने नॉब आपोआप आधी ठरवलेल्या जागी फिरत. पुढे १९८० च्या दशकातल्या काही हौशी रिगमध्ये मोटरने फिरणारे कपॅसिटर आले, मग रिले आणि मायक्रोकंट्रोलर. पहिली गरज विमानाची होती हे इथे महत्त्वाचे आहे. त्याकडे पुन्हा येऊ.

आता मुख्य वादाकडे. हॅम, म्हणजे हौशी रेडिओ, मंडळींत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, ट्यूनरने १ आला म्हणजे काम झाले. दुसरा तितक्याच ठामपणे म्हणतो, ट्यूनर अँटेनाला हातही लावत नाही, तो फक्त रेडिओची समजूत घालतो आणि परतलेली शक्ती केबलमध्ये वाया जाते. या दुसऱ्या मताला छेद देण्याचे काम वॉल्टर मॅक्सवेल यांनी केले. आरसीएमध्ये टायरॉस या हवामान उपग्रहांच्या अँटेनांवर काम केलेल्या या अभियंत्याने १९७३ पासून ‘क्यूएसटी’मध्ये लेखमाला लिहिली, तिचेच पुढे ‘रिफ्लेक्शन्स’ हे पुस्तक झाले. त्यांचा मुद्दा असा: अँटेनाकडून परत आलेली लहर ट्यूनरपाशी पोचते, तेव्हा नीट जुळवलेला ट्यूनर तिला पुन्हा अँटेनाकडे धाडतो. ती पुन्हा थोडी परतते, पुन्हा धाडली जाते, आणि अशा फेऱ्यांतून अखेर सगळी शक्ती अँटेनातूनच बाहेर पडते. केबलमध्ये नुकसान नसेल तर एसडब्ल्यूआर १० असो की ५०, एकही वॅट हरवत नाही. हे गणिताने सिद्ध आहे आणि प्रयोगानेही. म्हणजे ‘परतलेली शक्ती फुकट गेली’ हा समज चूक.

पण ‘केबलमध्ये नुकसान नसेल तर’ या चार शब्दांतच घोडे पेंड खाते. प्रत्येक फेरीला लहर केबलमधून जाते-येते आणि दर खेपेला केबल आपला हिस्सा उष्णतेत घेते. फेऱ्या जितक्या जास्त तितका हिस्सा मोठा. ठाण्या-पुण्याच्या सात मजली सोसायटीत रेडिओ दुसऱ्या मजल्यावर आणि अँटेना गच्चीवर असेल तर कोॲक्स केबल सहज ३० मीटर होते. ती बारीक आरजी-५८ असेल तर १४ मेगाहर्ट्झला, सगळे जुळलेले असतानाही, सुमारे १.६ डेसिबल खाते: १०० वॅटपैकी ६९ वर पोचतात. आता गच्चीवर ७ मेगाहर्ट्झसाठी बांधलेला २० मीटरचा डायपोल आहे, आणि ट्यूनर आहेच म्हणून आपण तोच १४ वर वापरायचे ठरवले. त्या वारंवारतेला तो पूर्ण तरंगलांबीचा होतो आणि मध्यावरचा इम्पिडन्स (रोध आणि रिॲक्टन्स मिळून होणारा अडथळा) काही हजार ओहमवर जातो. ४,००० धरू. ५० ओहमच्या केबलवर एसडब्ल्यूआर झाला ८०. सूत्रात घातले तर एकूण नुकसान येते सुमारे १२ डेसिबल, म्हणजे १०० वॅटपैकी अँटेनापर्यंत पोचतात जेमतेम ६. उरलेले ९४ वॅट केबलच्या उष्णतेत गेले. याहून दगा देणारी गोष्ट म्हणजे रेडिओपाशी हे दिसतच नाही. परतणारी लहर येतायेता इतकी क्षीण होते की खाली मीटरला ८० च्या जागी फक्त ५ च्या आसपास दिसतो. बाहेरचा चांगला ट्यूनर ५ सहज जुळवतो, रिले टकटकतात, आकडा १ होतो, रिग पूर्ण १०० वॅट देते. सगळे दिवे हिरवे, आणि हवेत ६ वॅट. केबल जितकी खराब तितका खालचा एसडब्ल्यूआर चांगला, असा हा उलटा हिशेब आहे. ५० ओहमचा डमी लोड कोणत्याही वारंवारतेला एसडब्ल्यूआर १ दाखवतो आणि हवेत काहीच सोडत नाही, हे ध्यानात ठेवले तर या आकड्याला किती किंमत द्यायची ते उमगते.

यावर पहिला आक्षेप अपेक्षित आहे: मग जाड केबल घ्या. घेतली. त्याच लांबीच्या आरजी-२१३ चे जुळलेले नुकसान सुमारे ०.७ डेसिबल, निम्म्याहून कमी. तरी एसडब्ल्यूआर ८० वर एकूण नुकसान साडेआठ डेसिबलच्या वर जाते आणि पोचतात १३ वॅट. खर्च झाला, हाती फार लागले नाही. उलट दिशेचा आक्षेप असा की मग एसडब्ल्यूआर नेहमी १ च ठेवायला हवा. तेही नाही. अँटेनापाशी एसडब्ल्यूआर २ असेल तर त्याच आरजी-५८ मध्ये जादा नुकसान पाव डेसिबलच्या आसपास होते. सिग्नल मीटरचा एक एस म्हणजे ६ डेसिबल. पाव डेसिबल कुणाच्याही कानाला कळणार नाही. म्हणून रिगमधला अंगभूत ट्यूनर, जो सहसा एसडब्ल्यूआर ३ पर्यंतच जुळवतो, तो त्याच्या मर्यादेत अगदी योग्य काम करतो. बँडच्या मधोमध कापलेला डायपोल कडेला गेला, एसडब्ल्यूआर अडीच झाला, रिग शक्ती कमी करू लागली, की त्याने मध्ये पडावे. त्याची ३ ही मर्यादा कमतरता वाटते, पण वास्तविक ती एक उपयोगी इशारा आहे: याच्या पुढे जुळवण्याजोगे काही असेल तर ते इथे नाही, वर आहे.

तिसरा आक्षेप जुन्या जाणत्यांचा, आणि तो वजनदार आहे. शिडीसारख्या दुतारी फीडरवर लोक दशकानुदशके टेबलावरच्या ट्यूनरने एकच डायपोल सगळ्या बँडवर चालवत आले आहेत. बरोबर आहे. ४५० ओहमच्या दुतारीवर तोच ४,००० ओहमचा भार फक्त ९ च्या आसपास एसडब्ल्यूआर देतो, आणि ३० मीटरचे मूळ नुकसान ०.१ डेसिबलच्या आसपास असते. एकूण अर्ध्या डेसिबलहून कमी जाते आणि १०० पैकी ९० वॅट पोचतात. दोष ट्यूनरचा नाही, ट्यूनर आणि अँटेना यांच्यामध्ये काय आहे त्याचा आहे, हेच तर या उदाहरणाने सिद्ध होते. ज्याचे बैठे घर आहे, अंगण आहे, त्याने दुतारीच वापरावी. पण सोसायटीत ती भिंतीपासून, ग्रिलपासून, पाण्याच्या पाइपापासून दूर ठेवून इतके मजले उतरवणे अवघड. आणि कोकणातल्या किंवा मुंबईतल्या चार महिन्यांच्या पावसात भिजलेल्या दुतारीचे नुकसान वाढते, तिचा इम्पिडन्सही सरकतो.

तीच अँटेना ठेवायची तर राहिली एकच वाट: ट्यूनर वर न्यायचा. कोॲक्सची जुळलेली बाजू लांब ठेवायची आणि बेजुळणी अँटेनाच्या तोंडाशीच मिटवायची. मग त्याच आरजी-५८ मध्ये १.६ डेसिबलच जाते, ट्यूनरच्या कॉइलमध्ये आणखी चार-पाच टक्के, आणि अँटेनाला ६५ वॅटच्या आसपास मिळतात. ६ आणि ६५ मधला फरक दहा डेसिबलचा आहे. टेबलावरच्या ट्यूनरने तो भरून काढायचा तर १०० वॅटच्या जागी १,००० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर लागेल, जो त्या केबलला सोसणारही नाही. आणि वर नेलेला ट्यूनर स्वयंचलितच असावा लागतो, कारण गच्चीवर जाऊन दर वेळी नॉब कोण फिरवणार? म्हणूनच त्याची गरज प्रथम विमानात भासली, जिथे अँटेनाची जोडणी वैमानिकाच्या हातापासून दूर असते. शिडाच्या नौकांवर आजही तेच दिसते. डोलकाठीला मागून ताणणाऱ्या पोलादी दोराला इन्सुलेटर लावून त्याचीच अँटेना करतात, आणि स्वयंचलित ट्यूनर डेकखाली, त्या दोराच्या पायथ्याशी बसतो. समुद्रावर माणसाचा जीव त्या रेडिओवर अवलंबून असतो, त्यामुळे तिथे डब्याच्या जागेबद्दल वाद होत नाही.

अर्थात वर नेलेला ट्यूनरही सगळे साधतो असे नाही. ४,००० ओहमवर १०० वॅट म्हणजे जवळपास ९०० व्होल्टचे शिखर, आणि स्वस्त रिले व कपॅसिटर तिथे हार मानतात. त्यामुळे डायपोलची लांबी अशी निवडावी की हव्या असलेल्या कुठल्याच बँडवर इतका टोकाचा इम्पिडन्स येणार नाही. एका टोकातून भरलेल्या तारेला काउंटरपॉइज (जमिनीच्या जागी काम करणारी जोडतार) लागतोच. तो नसेल तर कोॲक्सचे वेष्टणच अँटेनाचे काम करू लागते आणि रेडिओ लहरी आपल्याच खोलीत शिरतात. डब्यात पाणी शिरू नये आणि विजेसाठी अर्थिंग असावे, हे आपल्या पावसाळ्यात सांगायलाच हवे. फार आखूड अँटेना तर कोणताच ट्यूनर वाचवू शकत नाही. ३.६ मेगाहर्ट्झवर २.४ मीटरच्या उभ्या दांडीचा उत्सर्जन रोध एक तृतीयांश ओहम भरतो, तर तिचा रिॲक्टन्स १,६०० ओहमच्या घरात असतो. तो रद्द करणारी उत्तम कॉइल, जिचा गुणांक (क्यू) २०० आहे, तिचा स्वतःचा रोध ८ ओहम होतो. म्हणजे शंभरातले ९६ वॅट कॉइलच तापवतात, जमिनीचे नुकसान वेगळेच. एसडब्ल्यूआर तिथेही १ येईल.

ट्यूनर विकत घेण्याआधी एक संध्याकाळ मोजमापाला द्या. नॅनोव्हीएनए नावाचे खिशात मावणारे उपकरण आता हौशी माणसाला परवडते. ते गच्चीवर नेऊन, कोॲक्स सोडवून, थेट अँटेनाच्या टोकाला लावा आणि तुम्हाला हव्या त्या प्रत्येक बँडवर एसडब्ल्यूआर लिहून ठेवा. खाली रेडिओपाशी घेतलेला आकडा या कामाचा नाही. वर सगळीकडे ३ च्या आत असेल तर रिगमधला ट्यूनर पुरे, नवे काही घेऊ नका. जिथे तो १० च्या वर जातो तो बँड तुम्हाला खरोखर हवा असेल, तर पैसे टेबलावरच्या डब्यावर घालू नका. ते गच्चीवर बसणाऱ्या ट्यूनरवर घाला, किंवा त्या बँडसाठी आणखी एक तार कापून त्याच फीडपॉइंटला जोडा. दुसरा उपाय पुष्कळ स्वस्त आहे. आणि ट्यून करण्याआधी वारंवारता मोकळी आहे ना हे ऐकून घ्या, आपला कॉलसाइन द्या आणि मगच बटण दाबा.